शिकवणारी सिस्टर आपल्यातलीच हवी

पहाटे तीनची वेळ. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहात एक सिस्टर आणि मदतीला एक मावशी. डॉक्टरांना निरोप गेला आहे, ते क्वार्टरमधून निघालेत. बाळ बाहेर येतं. सिस्टर त्याला कोरडं करते, पाठ चोळते. बाळ रडत नाही. अंग सैल, रंग निळसर. आता तिच्याकडे एक मिनिट आहे. तेवढ्या वेळात बाळाच्या फुप्फुसात हवा जायला सुरुवात झाली पाहिजे, म्हणूनच या मिनिटाला ‘सोन्याचं मिनिट’ म्हणतात. दहा नवजात बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला काहीतरी मदत लागते. बहुतेकांना नीट पुसणं आणि पाठ चोळणं पुरतं. शंभरातल्या तीन ते पाच बाळांना मात्र अंबू बॅग आणि मास्क लावून हवा द्यावीच लागते.

आता जरा हिशेब करू. महिन्याला वीस बाळंतपणं होणारं केंद्र घेऊ. तिथे वर्षभरात बॅगची गरज पडणारी बाळं होतील आठ-दहा. पाळ्या करणाऱ्या सिस्टर चार. म्हणजे एकीच्या वाट्याला हा प्रसंग वर्षातून दोनदा-तीनदा येणार, तोही न सांगता, बहुधा रात्रीच. जे काम वर्षातून दोनदा करायचं पण केलं तर अचूकच करायचं, ते दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका दिवसाच्या प्रशिक्षणावर हाताला आठवेल का? मला अनेक वर्षांच्या अनुभवावरून वाटतं की नाही आठवत. सिस्टरची यात काही चूक नाही. पोहायला शिकलेला माणूस दहा वर्षांनीही पोहतो, कारण त्याने शिकताना शेकडो वेळा हातपाय मारलेले असतात. आपण सिस्टरला सरावाच्या पुतळ्यावर किती वेळा हात मारू दिला?

टांझानियाच्या उत्तर भागात हेडम नावाच्या गावात एक रुग्णालय आहे. तिथे नेमका हाच प्रश्न तपासून पाहिला गेला. आधी सगळ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. सात महिन्यांनी पाहिलं तर पुतळ्यावर सगळ्यांचे हात चांगले चालत होते, पण प्रसूतिगृहात खऱ्या बाळाजवळ उभं राहिल्यावर वागण्यात फारसा फरक पडला नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. तिथल्याच कर्मचाऱ्यांतून सराव घेणारी माणसं नेमली आणि प्रसूतिगृहातच, कामाच्या वेळेत, आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा छोटा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालय तेच, पुतळा तोच, विषयही तोच. फरक एवढाच की आता शिकवणारी व्यक्ती तिथेच राहत होती आणि सराव थांबत नव्हता.

हा लेख त्या व्यक्तीबद्दल आहे. तुम्ही तालुका आरोग्य अधिकारी असाल, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी असाल, ग्रामीण रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टर असाल किंवा दुर्गम भागात काम करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते असाल, तर आई आणि बाळ वाचवणारी कौशल्यं शिकवू शकेल अशी स्थानिक प्रशिक्षक तुम्हाला घडवता येईल. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. माणूस मात्र नीट निवडावं लागतं.

निवड कशी करायची

आपल्याकडे प्रशिक्षक निवडण्याची रीत ठरलेली आहे. सेवाज्येष्ठता बघायची, नाहीतर ‘यंदा कुणाचं प्रशिक्षण राहिलंय’ ते बघायचं. दोन्ही रीती सोडून द्या. त्याऐवजी केंद्रातल्या आणि उपकेंद्रांतल्या प्रत्येकीला एकेकटीला गाठून एकच प्रश्न विचारा : ‘रात्री अवघड डिलिव्हरी आली, डॉक्टर जागेवर नाहीत, तर तुम्ही आधी कुणाला फोन करता?’ पाच-सहा जणींना विचारलंत की एक-दोन नावं पुन्हा पुन्हा येतील. त्याच तुमच्या प्रशिक्षक. त्यांना अजून कुणी प्रशिक्षक म्हटलं नसेल, पण काम त्या आधीपासून करत आहेत.

मग त्या बाईला काम करताना बघा. हात चांगला असणं ही पहिली अट झाली. दुसरी अट याहून अवघड आहे. दुसरी कुणी चुकत असताना तिला गप्प उभं राहता येतं का? काही फार हुशार सिस्टर असतात. नवीन मुलीने मास्क थोडा वाकडा धरला की त्या ‘सोड, मी करते’ म्हणून हातातून काढून घेतात. खऱ्या बाळाजवळ तसं करायलाच हवं. पुतळ्याजवळ मात्र ती मुलगी काहीच शिकली नाही. वाट बघण्याचा संयम असलेली मध्यम हाताची बाई मी निवडेन, कारण हात सरावाने सुधारतो. दुसऱ्याला कमी लेखण्याची सवय सहजी जात नाही.

तिसरी गोष्ट, ती तिथे राहणार आहे का? कंत्राटी सिस्टरची मुदत संपते, कायम असलेलीची बदली होते. म्हणून एका केंद्रात एकच प्रशिक्षक कधी घडवू नका, दोन घडवा. एकीची बदली झाली तरी दुसरी राहते, आणि दोघी असल्या की एकमेकींच्या चुका पकडतात. एकटी प्रशिक्षक चुकीची पद्धत शिकवायला लागली तर ती चूक वीस हातांत पसरते आणि कुणाला कळतही नाही.

भाषेचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो, कारण महाराष्ट्रात आपण तो विसरतो. धारणी-चिखलदऱ्यात बाळंतीण कोरकू बोलते, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली, गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया. तिथल्या आशाताईला ‘नवजात अर्भकाचा श्वासावरोध’ म्हटलं तर ती वहीत लिहून घेईल, घरी जाऊन कुणाला सांगणार नाही. ‘बाळ रडलंच नाही, निळं पडलं’ हे तिला तिच्या बोलीत सांगता येतं, तेही आईच्या डोळ्यांत बघून. स्थानिक प्रशिक्षकाची खरी ताकद इथे आहे. कळा, पाणमोट, वार, चीक, अंगावरून जाणं, झटके हे शब्द तिच्या तोंडात आहेत. प्रशिक्षणाची पहिली दुपार केवळ शब्द गोळा करण्यात घालवली तरी ती वाया जात नाही.

शाळा नसलेल्या शिक्षिका

‘एवढं अवघड काम कमी शिकलेल्या बाईला शिकवता येतं का?’ असा प्रश्न अजूनही कानावर येतो. महाराष्ट्राने त्याचं उत्तर कधीच दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांत अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत, गावात करून बघत, पुन्हा येऊन सांगत. पुढे अनुभवी कार्यकर्त्या नव्यांना शिकवू लागल्या. देश-परदेशातून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थीही त्यांच्याकडून शिकले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाचं वजन, तापमान, श्वास पाहून जंतुसंसर्ग ओळखणं होतं, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंही होतं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरभेटी देऊन जी बाळाची काळजी घेतात, त्या कार्यक्रमाचं मूळ तिथे आहे.

त्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे श्वास मोजण्याचं मण्यांचं साधन. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची असते. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेवरचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठराविक मणी सरकला की बाळ आजारी. मोजता येत नाही म्हणून बाईला बाजूला काढलं नाही, मोजणंच तिच्या हाताजोगं करून दिलं. स्थानिक प्रशिक्षक घडवताना हा एक विचार मनात पक्का ठेवा. शिकणारी अडली तर आधी आपल्या साधनात आणि शिकवण्यात खोट शोधायची.

एक कौशल्य, चार फेऱ्या

प्रशिक्षकाला पहिल्या दिवसापासून दहा विषय देऊ नका. एक कौशल्य घ्या आणि ते शिकवण्याची पद्धत तिच्या अंगात मुरू द्या. बॅग-मास्कपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन.

पहिली फेरी मुकी. प्रशिक्षक काही न बोलता, खऱ्या वेगाने, पूर्ण क्रिया करून दाखवते. बाळाला पुसलं, ओलं कापड बाजूला टाकलं, कोरड्या कापडात घेतलं, पाठ चोळली, श्वास नाही, नाळ कापून बाळ सपाट जागेवर ठेवलं, मान किंचित मागे, मास्क लावला, बॅग दाबली. बघणाऱ्यांना वेळ किती लागतो ते डोळ्यांनी कळतं. बोलत बोलत केलं की मिनिटाची चार मिनिटं होतात आणि तोच वेग त्यांच्या मनात बसतो.

दुसऱ्या फेरीत सावकाश, प्रत्येक पायरी का करतो ते सांगत. मान फार मागे गेली तरी श्वासाचा रस्ता बंद होतो, पुढे झुकली तरी बंद होतो. वास घेताना आपण नाक जसं थोडं पुढे करतो तशी बाळाची मान हवी. मास्कने हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकायचं, डोळ्यांवर दाब येऊ द्यायचा नाही. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा हवा द्यायची. ‘दाबा, दोन, तीन, दाबा, दोन, तीन’ असं तोंडाने म्हणत गेलं की ताल आपोआप बसतो. आणि सगळं लक्ष छातीवर. छाती उचलली जात नसेल तर बॅग दाबण्याला काही अर्थ नाही. मग मास्क पुन्हा बसवा, मान पुन्हा ठीक करा, तोंडात स्राव असेल तर साफ करा, तोंड किंचित उघडा, थोडा जास्त दाब द्या. या क्रमाला तुमच्या बोलीत एक वाक्य शोधा. प्रत्येक ठिकाणच्या सिस्टरनी आपलं वाक्य आपण बनवलं की ते विसरलं जात नाही.

तिसऱ्या फेरीत हात प्रशिक्षकाचे आणि तोंड शिकणारीचं. ती सांगेल तसंच प्रशिक्षकाने करायचं, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करायचं. छाती उचलली जात नाही हे तिचं तिला दिसतं, आणि ती आपणच म्हणते, ‘थांबा, मान ठीक करायची राहिली.’ ज्या बाईने ही चूक आपल्या डोळ्यांनी पकडली ती पुन्हा तीच चूक करत नाही. आपल्याकडे बहुतेक प्रशिक्षणांत हीच फेरी गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो. माझ्या मते चारांत सगळ्यात मोलाची हीच.

चौथ्या फेरीत ती स्वतः करते आणि स्वतः सांगते. एकदा नव्हे. लागोपाठ तीन वेळा न अडखळता आलं की त्या दिवसापुरतं पुरे.

पुतळा नसेल तर? तयार पुतळा असेल तर उत्तमच, हवा गेली की त्याची छाती हलते आणि शिकणं सोपं होतं. पण पुतळा येईपर्यंत थांबू नका. पुसणं, उबेत ठेवणं, त्वचेला त्वचा लावून ठेवणं, नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटं थांबणं, पहिल्या तासात अंगावर पाजणं हे सगळं साध्या कापडी बाहुलीवर शिकवता येतं. जुन्या साडीची वार आणि दोरीची नाळ घरोघरी होऊ शकते. लोकरीने विणलेल्या स्तनावर बाळाला छातीशी कसं लावायचं ते दाखवता येतं. एक गोष्ट कटाक्षाने पाळा : सरावाची बॅग आणि बाळासाठीची बॅग वेगळ्या ठेवा. सरावाची बॅग चुकून बाळावर वापरली जाऊ नये आणि बाळाची बॅग धुऊन, निर्जंतुक करून तयार असावी.

रक्त मोजायला शिकवणं

आईच्या जिवाचं सगळ्यात मोठं भय बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं. ५०० मिलिलिटर ही धोक्याची खूण, हे सगळ्या सिस्टरना पाठ असतं. पण ५०० मिलिलिटर रक्त चादरीवर, जमिनीवर, गाऊनवर पसरल्यावर कसं दिसतं हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा कमी पडतो, हे जगभर वारंवार दिसलेलं आहे.

यासाठी एक खेळ सांगते, तो प्रत्येक प्रशिक्षकाला यायलाच हवा. पातेल्यात पाणी घ्या, खायचा लाल रंग घाला, थोडी भाताची पेज घालून दाट करा. मग मोजून, कुणाला न दाखवता, एका चादरीवर ३०० मिलिलिटर ओता, दुसऱ्या चादरीवर ७००, ट्रेमध्ये ५००, बादलीतल्या पाण्यात ४००. प्रत्येकीने चिठ्ठीवर आकडा लिहायचा, नाव नाही लिहायचं. चिठ्ठ्या उघडल्या की खोलीत शांतता पसरते. सातशेला अडीचशे म्हटलेलं असतं. त्यानंतर रक्त मोजण्याबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

मोजण्याचं महत्त्व केवढं, ते एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांपैकी निम्म्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि रक्त धोक्याच्या खुणेवर जाताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याचा क्रम ठरवून दिला. बाकीच्या रुग्णालयांच्या तुलनेत तिथे जीवघेण्या रक्तस्रावाच्या आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या एकत्रित घटना ६० टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. तिथेही प्रत्येक रुग्णालयातल्या निवडक कर्मचाऱ्यांनी सहकाऱ्यांना तयार केलं होतं.

सरावात हा सगळा क्रम नाटकासारखा बसवा. एक सिस्टर बाळंतीण होते, एक तिची सासू, एक ड्युटीवरची सिस्टर, एक मावशी. बाळ झाल्यावर मिनिटभरात, आत दुसरं बाळ नाही याची खात्री करून, ऑक्सिटोसिनचे १० युनिट दंडात नाहीतर मांडीत. वार पडल्यावर गर्भाशय कडक झालं का ते हाताने बघणं, दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघत राहणं. रक्त वाढलं तर मोठ्याने मदतीला हाक मारणं, गर्भाशय चोळणं, सलाइन, औषध, १०८ ला फोन. नाटक संपल्यावर विचारा, फ्रीजमधलं ऑक्सिटोसिन कुणी आणलं, आणि फ्रीज चालू होता का? दोन ते आठ अंशांत न ठेवलेलं ऑक्सिटोसिन कमजोर पडतं. हे फलकावर लिहून कळत नाही, नाटकात फ्रीजपर्यंत धावत गेल्यावर कळतं.

सासू आणि बाळंतीण या भूमिका गाळू नका. बाळंतिणीशी आवाज चढवून बोलणं, तिच्या मांडीवर चापट मारणं हे अजूनही काही प्रसूतिगृहांत घडतं. नाटकात बाळंतीण झालेल्या सिस्टरला तसं कुणी बोललं की तिला लगेच लागतं. तिथेच थांबून त्यावर बोलायचं. आदराने वागवणं हा धडा याच सरावात शिकवा, निराळा तास ठेवू नका.

आशाताईंसाठी थोडं वेगळं

आशाताई प्रसूतिगृहात नसते, ती घरात जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिच्या सहा भेटी : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही एक. तिची प्रशिक्षक म्हणून गटप्रवर्तक किंवा एखादी जुनी, गावाला पटलेली आशाताई घडवा, आणि तिचं प्रशिक्षण सभागृहात न घेता घराघरांत घ्या. दोघींनी मिळून एका बाळाचे श्वास मोजायचे, वेगवेगळे, आणि मग आकडे ताडून बघायचे. साठ किंवा जास्त आले तर बाळ शांत असताना दुसऱ्यांदा मोजायचं. फरक पडला तर पुन्हा. ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

घरातल्या रीतींबद्दल प्रशिक्षकाची जीभ फार जपून चालली पाहिजे. चीक काढून टाकणं, मध चाटवणं, घुटी उगाळून देणं, जन्मताच आंघोळ घालणं, डोळ्यांत काजळ घालणं हे सगळं आजी प्रेमानेच करत असते. ‘हे अडाणीपणाचं आहे’ असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला त्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळत नाही आणि बाळाजवळही जाऊ देत नाहीत. त्यापेक्षा आजीलाच विचारावं, ‘बाळ थंड पडलं की तुम्ही काय करायच्या?’ आजी सांगेल, छातीशी धरायचो. मग तिथूनच आईच्या छातीला बाळ उघडं लावण्याची, वरून पांघरूण घालण्याची गोष्ट सांगावी. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये, बाळं ठेवायच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी सुरू केली आणि आज सगळं जग ती मानतं. आजीला हे सांगितलं की तिला बरं वाटतं. तिच्या छातीशी धरण्याला डॉक्टरांनीही मान दिला आहे.

चूक दाखवण्याची रीत

प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात निम्मा वेळ चूक कशी दाखवायची याला द्या. सराव झाला की प्रशिक्षकाने लगेच बोलू नये. आधी शिकणारीला विचारावं, ‘तुला काय जमलं? पुन्हा केलंस तर काय बदलशील?’ बहुतेक चुका तिने स्वतःच सांगितलेल्या असतील. मग राहिलेली एकच चूक, नेमकी, सांगावी. ‘लक्ष देत जा’ याचा काही उपयोग नाही. ‘तुझी करंगळी बाळाच्या गळ्यावर दाबत होती, ती जबड्याच्या हाडावर ठेव’ असं सांगितलं तर ती पुढच्या वेळी ठेवते. एका प्रशिक्षणात एक मोठे अधिकारी सगळ्यांसमोर एका तरुण सिस्टरला इतकं बोलले होते, की त्यानंतरच्या दोन दिवसांत कुणीच पुतळ्याला हात लावायला पुढे आलं नाही. मीही त्या खोलीत होते, आणि तेव्हा गप्प बसले याची खंत मला आजही आहे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक विनंती. आठवड्याच्या सरावाला तुम्हीही शिकायला बसा, सिस्टरच्या हातून. तुमचा मास्क वाकडा असेल तर तिला तो ठीक करू द्या. केंद्रातल्या सगळ्यांना त्या दिवशी कळतं की इथे विचारलेलं चालतं.

टिकवायचं तर

आता अवघड भाग. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये एक फार मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या केंद्रांना सुरक्षित बाळंतपणाची तपासयादी दिली आणि नर्सनी आठ महिने केंद्रात येऊन कर्मचाऱ्यांना हाताशी धरून शिकवलं. शिकवणं सुरू होऊन दोन महिन्यांनी पाहिलं तर आवश्यक त्या कृती ७३ टक्के वेळा होत होत्या, उरलेल्या केंद्रांत ४२ टक्के. पण बारा महिन्यांनी, शिकवणाऱ्या निघून गेल्यावर, तो आकडा ६२ वर घसरला. आणि मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. हा निकाल वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होते. मला त्यातून दोन गोष्टी दिसल्या. बाहेरून येणारी माणसं निघून जातात, म्हणून शिकवणारी आतलीच हवी. आणि नुसतं शिकवणं पुरत नाही. रक्त, औषध, गाडी, पुढच्या दवाखान्यातला डॉक्टर, हे नसेल तर सिस्टरच्या कुशल हातांनाही मर्यादा पडते. प्रशिक्षकाकडून सगळ्याची अपेक्षा ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तुमच्या हाती जे आहे ते मात्र पूर्ण करा. प्रशिक्षकाला लेखी आदेश द्या, म्हणजे सरावाची पंधरा मिनिटं ही ‘रिकामी’ वेळ ठरणार नाही. तिच्या पाळ्या त्यानुसार लावा. प्रवासभत्ता वेळेवर द्या. तीन महिन्यांतून एकदा तालुक्यातल्या सगळ्या प्रशिक्षकांना एकत्र बसवा, त्यांचे स्वतःचे हात कुणीतरी तपासले पाहिजेत. परीक्षा कागदावर घेऊ नका. तपासयादी हातात घेऊन, करताना बघून घ्या. भिंतीवर एक साधा तक्ता लावा : किती बाळांना बॅग लावावी लागली, पहिल्या मिनिटात लागली का, काय अडलं. नावं लिहू नका. बाळ गेलं तर दोष शोधायला बसू नका, पण पुढच्या आठवड्याचा सराव त्याच प्रसंगावर घ्या.

२०१८-२० या काळात महाराष्ट्रात लाखभर बाळांच्या जन्मामागे ३३ मातांचा मृत्यू झाला, देशाचा आकडा ९७ होता. आपण बरंच अंतर कापलंय. पण पुढचा टप्पा अवघड आहे. उरलेल्या या बायका बहुधा वेळेवर ओळख आणि वेळेवर कृती न झाल्यामुळे जातात, आणि ती वेळ येते तेव्हा जवळ असते एखादी सिस्टर, एखादी आशाताई.

म्हणून हा लेख वाचून झाल्यावर एक काम करा. उद्या सकाळी प्रसूतिगृहात जा आणि अंबू बॅग शोधा. ती कुलपात असेल तर बाहेर काढा आणि बाळाच्या टेबलाजवळ ठेवा. लहान बाळाचा आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा, दोन्ही मास्क आहेत का बघा. मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबा, दाब लागतो का, झडप उघडते का ते पाहा. मग तिथल्या प्रत्येक सिस्टरला तो एक प्रश्न विचारा, रात्री तुम्ही कुणाला फोन करता. जिचं नाव जास्त वेळा येईल तिला बोलावून सांगा, येत्या मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटं तुमची आहेत.